आठ दिवसांत गोरी करणारी ट्यूब

निकाहची तारीख ठरली की मुलीच्या चेहऱ्याकडे सगळ्या घराचे लक्ष जाते. खाला सांगते, बेसन-हळदीचे उबटन लाव. मैत्रीण सांगते, मेडिकलमधून अमुक ट्यूब आण, आठ दिवसांत रंग उजळतो. उबटनाने सहसा फारसे बिघडत नाही. आम्हाला बोलायचे आहे ते त्या ट्यूबविषयी.

रंग उजळतो हे खोटे नाही, आणि फसगत तिथेच होते. अशा पुष्कळ ट्यूबमध्ये तीन औषधे एकत्र असतात: मोमेटासोनसारखे स्टिरॉइड, हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन. हे वांगावरचे औषध आहे, तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही आठवड्यांपुरते. स्टिरॉइडने त्वचेतील बारीक रक्तवाहिन्या आकसतात, सूज आणि लाली दबते, म्हणून चेहरा झटकन फिका आणि नितळ दिसतो. पण लावणे चालूच राहिले तर त्वचा पातळ होते. गालांवर लाल रेषा दिसू लागतात, पुळ्या उठतात, लव वाढते, उन्हात किंवा गॅससमोर उभे राहिले तरी चेहऱ्याची आग होते. घाबरून ट्यूब बंद केली की आग आणि खाज दुपटीने उसळते. पुन्हा लावली की आराम पडतो. तंबाखूची तलफ आणि ही तलफ यांत आम्हाला फार फरक दिसत नाही.

हायड्रोक्विनोन दीर्घकाळ वापरल्यास गोरेपणाऐवजी निळसर-काळे डाग पडू शकतात. ट्रेटिनॉइन गरोदरपणात टाळायचे असते, आणि ही ट्यूब तर नव्या नवरीच्या पेटीतून सासरी जाते!

केंद्र सरकारने २०१८ मध्ये अनेक स्टिरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. तरीही ती सर्रास मिळतात. दुकानदाराला दोष द्यायचाच, पण मागणी आपल्याच घरांतून जाते. मुलगी पाहायला आलेल्या बायका शिक्षण नंतर विचारतात, रंग आधी पाहतात. नववी-दहावीच्या मुली हे ऐकतच मोठ्या होतात. खाऊच्या पैशांतून ट्यूब आणणाऱ्या मुली आम्ही वर्गात पाहतो. त्यांना रागावण्यात अर्थ नसतो.

हेच स्टिरॉइड नायट्याच्या मलमातही लपलेले असते. खाज एका दिवसात थांबते, पण बुरशी मरत नाही, उलट पसरते. मग चट्ट्याचे रूप असे बदलते की डॉक्टरांनाही ओळखणे जड जाते. नायट्याला साधे बुरशीनाशक औषध लागते, आणि खाज थांबल्यावरही ते सांगितलेल्या मुदतीपर्यंत घ्यावे लागते. घरात आणखी कुणाला नायटा असेल तर त्याचाही उपचार सोबतच करावा. टॉवेल वेगळा ठेवावा, कपडे उन्हात वाळवावेत.

ज्या डबीवर बनवणाऱ्याचे नाव-पत्ता नाही, ती घरात आणूच नये. अशा क्रीममध्ये पारा सापडलेला आहे, आणि पारा मूत्रपिंडावर घाव घालतो.

मग चेहऱ्याला लावावे काय? सौम्य साबण, कोरड्या त्वचेला साधे मॉइश्चरायझर आणि उन्हात जाताना सनस्क्रीन. वांग असेल तर सनस्क्रीन हा अर्धा इलाज आहे. लिंबू चोळून उन्हात जाऊ नये, त्याने त्वचा भाजून काळी पडते. मुरुमे फोडू नयेत, खड्डे राहतात.

घरातल्या ट्यूबवरील बारीक अक्षरे आजच वाचून पाहा. बीटामिथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी एखादे नाव दिसले, तर ते स्टिरॉइड आहे. महिनोन्महिने वापरात असेल तर एकदम फेकू नका. ती कशी सोडवायची हे त्वचारोगतज्ज्ञ ठरवतील. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत त्वचाविभाग असतो आणि तिथे खर्च कमी येतो. जाताना आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूब पिशवीत घालून न्या, रिकाम्यासुद्धा. लाजून एखादी घरी ठेवली, तर उपचार चुकीच्या दिशेने जाऊ शकतो.