सकाळी बरोबर, दुपारी चूक

एप्रिलमधली दुपार. पुण्याहून साताऱ्याला निघालो होतो आणि खंबाटकीच्या चढावर मालाच्या ट्रकांमागे अडकलो होतो. माझी छोटी टर्बो पेट्रोल गाडी दुसऱ्या गिअरमध्येही ओढेना. बॉनेटखालून डब्यात खडे हलवल्यासारखी टकटक ऐकू येऊ लागली. आठवड्यापूर्वी भल्या पहाटे हाच घाट तिने कुरकुर न करता चढला होता. डॅशबोर्डवरचा चेक लाइट तेव्हाही विझलेला होता आणि आताही विझलेलाच.

एका वर्कशॉपने टर्बोच बदलायला सांगितलं, दुसऱ्याने हवेच्या तापमानाचा सेन्सर. शेवटी ज्या मेस्त्रींनी दोष शोधला, त्यांनी दोन्हींतलं काहीच बदललं नाही. त्यांची शोधण्याची रीत मला फार मोलाची वाटते, म्हणून ती सविस्तर सांगतो.

इंजिनाला हवा डोळ्यांनी दिसत नाही, ती मोजावी लागते. एक ग्रॅम पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. टर्बो ही हवा कोंबून भरतो, पण सायकलचा पंप मारताना जसा तळाशी गरम होतो तशीच दाबलेली हवाही तापते. बाहेर ३८ अंश असताना हवा वातावरणाच्या दुप्पट दाबाला नेली, तर आदर्श गणितानेही ती साधारण १०५ अंशांवर पोचते. खऱ्या टर्बोत त्याहूनही बरीच वर जाते. मग इंटरकूलर तिला निववतो. त्याच्या जाळीतून मोकळा वारा गेला तर काम चोख होतं. घाटात ट्रकामागे ताशी १५ किलोमीटरने सरकताना मात्र वाराच नसतो, आणि आत जाणारी हवा ८० अंशांपर्यंतही चढते.

एवढी गरम हवा विरळ असते, म्हणून तिला पेट्रोल कमी लागतं. शिवाय अशा हवेतलं मिश्रण ठिणगीची ज्योत पोचण्याआधीच कोपऱ्यात पेट घेऊ शकतं. तेच नॉकिंग, तीच टकटक. ते टाळायला ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, ठिणगी थोडी उशिरा पाडतो. किती उशिरा, हे ठरवताना तो हवेच्या तापमानाचा आकडा पाहतो.

हा आकडा येतो एका मण्याएवढ्या थर्मिस्टरकडून. तांब्याची तार तापली की तिचा रोध वाढतो, याचा उलट तापला की घटतो. असं उलट वागणं मायकेल फॅरडेने १८३३ मध्ये सिल्व्हर सल्फाइडमध्ये पाहिलं होतं. मोटारींत सर्रास दिसणाऱ्या एका प्रकारच्या थर्मिस्टरचा रोध २० अंशांना २५०० ओहम असतो, ६० अंशांना सुमारे ६०० आणि ८० अंशांना जेमतेम ३२३. ईसीयू एका ठरावीक रोधातून ५ व्होल्ट पाठवतो आणि थर्मिस्टरपाशी किती व्होल्ट उरले त्यावरून तापमान ताडतो.

तार तुटली तर पूर्ण ५ व्होल्ट उरतात आणि स्कॅनरवर उणे ४० दिसतं. उणे ४० हे सेल्सिअस आणि फॅरनहाइटमध्ये एकच असल्याने स्कॅनर कुठल्याही एककावर ठेवलेला असो, हा आकडा लगेच ओळखू येतो. तारा एकमेकींना चिकटल्या तर उलट टोक, १३०-१४० अंश. दोन्ही वेळा ईसीयूला संशय येतो, चेक लाइट लागतो, पी ०११३ किंवा पी ०११२ असा कोड नोंदवला जातो. पण कोड सर्किटचं नाव घेतो, सेन्सरचं नाही, आणि कितीतरी चांगले सेन्सर निव्वळ या गैरसमजापायी कचऱ्यात जातात. सेन्सरचा कपलर, म्हणजे तारांची जोडणी, काढून पाहावा: उणे ४० यायला हवं. कपलरातल्या थर्मिस्टरच्या दोन पिना तारेच्या तुकड्याने जोडाव्यात: आकडा वरच्या टोकाला जायला हवा. दोन्ही झालं तर तारा आणि ईसीयू शाबूत, इतकं कळायला पाच मिनिटं पुरतात.

माझ्या गाडीत कोडच नव्हता. मेस्त्री म्हणाले, "साहेब, आज गाडी इथेच राहू द्या. सकाळी स्टार्टर मारायच्या आधी बघतो." रात्रभर उभ्या गाडीत कूलंट, बाहेरची हवा आणि इनटेकची, म्हणजे इंजिनात जाणारी, हवा या तिघांचं तापमान जवळजवळ एकच असायला हवं. सकाळी कूलंट २० दाखवत होतं, इनटेकचा सेन्सर १७. तीन अंशांचा फरक कुणीही सोडून देईल. त्यांनी सोडला नाही.

सेन्सर काढून त्याच्या टोकाशी थर्मामीटर धरला आणि हेअर ड्रायरने तापवत ८० अंशांवर नेला. मल्टिमीटर थेट सेन्सरवर लावल्यावर ३२५ ओहम. म्हणजे सेन्सर बरोबर. मग त्यांनी दुकानातून आणलेला साधा ३३० ओहमचा रेझिस्टर सेन्सरच्या जागी कपलरात खोचला. पडद्यावर साधारण ७९ यायला हवे होते, आले ५८. वाटेत कुठेतरी ३०० ओहम जास्तीचे बसले होते.

सगळं कोडं या ३०० ओहमांत आहे. थंड सकाळी थर्मिस्टरचे २५०० असतात. त्यांत ३०० मिळवले तर आकडा फक्त तीन अंशांनी ढळतो. दुपारी घाटात थर्मिस्टर ३२३ वर येतो, तिथे तेच ३०० रोध जवळजवळ दुप्पट करतात आणि ईसीयूला ८० ऐवजी ५९ दिसतं. हवेचं वजन तो सुमारे सहा टक्के जास्त धरतो. पेट्रोलची ही चूक ऑक्सिजन सेन्सर बरीचशी सावरून घेतो, पण ठिणगी मात्र फार लवकर पडते. नॉकिंग सुरू होतं, नॉक सेन्सर ते ऐकतो, ठिणगी घाईने मागे ओढली जाते आणि ताकद जाते. ५९ हा आकडा एप्रिलच्या दुपारी अगदी पटण्याजोगा असल्यामुळे चेक लाइट लागण्याचं कारणच उरत नाही.

राहिला प्रश्न कुठल्या तारेचा. या गाडीत दाब आणि तापमान एकाच चार पिनांच्या सेन्सरमधून मोजलं जातं आणि दोघांची अर्थिंगची तार सामाईक असते. दाबाचं वाचन अचूक होतं, म्हणजे अर्थिंग ठीक. उरली तापमानाची एकच तार. मेस्त्रींनी कपलरचं रबर मागे सरकवलं. पिनेत दाबून बसवलेलं तारेचं टोक हिरवं पडलं होतं, पावसाळ्यात कधीतरी शिरलेल्या पाण्याने. टोक कापून नवी पिन बसवली आणि रेझिस्टर पुन्हा खोचला. ७९.

पुढच्या रविवारी मुद्दाम दुपारी खंबाटकी गाठला. शेजारी बसलेली मुलगी मोबाइलवर इनटेकच्या तापमानाचे आकडे वाचत होती. ट्रकामागे ६८, ७४, ८१. गाडी जरा मंद झाली, पण टकटक नाही. माथ्यावर रस्ता मोकळा मिळाला, जाळीतून वारा शिरला आणि आकडा उतरू लागला: ७०, ६२, ५५.