खाजगी क्लाउडमधील आभासी यंत्रांचे नेटवर्क आणि प्रोसेसरचे वाटप : दोषनिदानासंबंधी विवेचन

प्रस्तावना

लिनक्सच्या 2.6.20 या आवृत्तीत फेब्रुवारी 2007 मध्ये केव्हीएमचा समावेश झाला. त्याच्या साहाय्याने एका सर्व्हरवर अनेक आभासी यंत्रे विनामूल्य चालविता येतात. संस्थेच्या आवारात व संस्थेच्याच ताब्यात असलेल्या अशा व्यवस्थेस खाजगी क्लाउड म्हणतात. ओपनस्टॅक अथवा प्रॉक्समॉक्सच्या साहाय्याने ती महाविद्यालयातही उभारता येते. तथापि, तीस विद्यार्थी एकाच वेळी प्रात्यक्षिकास बसले की ‘नेटवर्क गेले’ अशी तक्रार सुरू होते. मग केबल बदलली जाते, स्विच बदलला जातो आणि अखेर नव्या स्विचचा प्रस्ताव खरेदी समितीपुढे जातो. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, यांपैकी बऱ्याच तक्रारी दिसतात नेटवर्कच्या, पण त्यांचे मूळ प्रोसेसरच्या वाटपात असते. आणि हे मूळ केवळ आभासी यंत्राच्या आत पाहून निश्चित करता येत नाही.

प्रोसेसरचे वाटप : यंत्रमागाचा दाखला

निजामपुरा-भिवंडी परिसरातील वाचकांना यंत्रमाग नवे नाहीत. एक कारागीर चार-सहा माग सांभाळतो. एका मागावर ताण्याचा धागा तुटला तर तो लगेच जोडतो. परंतु त्याच क्षणी दुसऱ्या मागाची कांडी संपली, तर तो माग कारागीर येईपर्यंत उभा राहतो. दुसऱ्या मागात बिघाड काहीच नसतो, त्याला फक्त पाळी मिळालेली नसते. हा केवळ अलंकार नव्हे. एका कामगाराकडे अनेक यंत्रे असताना किती वेळ वाया जातो, याचे गणित बेन्सन व कॉक्स यांनी 1951 मध्ये मांडले. त्यापूर्वी कॉक्स हे लीड्स येथील लोकर उद्योगाच्या संशोधन संस्थेत कार्यरत होते. सर्व्हरवरील रांगांचे गणित त्याच कुळातील आहे.

आभासी यंत्राला दिलेला ‘प्रोसेसर’ हा प्रत्यक्षात प्रोसेसर नसून पाळीचा हक्क असतो. समजा, सर्व्हरमध्ये 16 कोअर आहेत आणि 30 यंत्रांना प्रत्येकी 4 आभासी प्रोसेसर दिले आहेत. एकूण 120 झाले, म्हणजे गुणोत्तर 7.5. सर्वांनी एकाच वेळी काम मागितले, तर प्रत्येक आभासी प्रोसेसरच्या वाट्याला मिनिटातील केवळ 8 सेकंद येतात. ओपनस्टॅकमध्ये हे गुणोत्तर दीर्घकाळ 16 इतके गृहीत धरलेले असे. पुढे ते 4 वर आणण्यात आले. बहुतांश वेळ निष्क्रिय राहणाऱ्या संकेतस्थळांना 16 परवडते. प्रात्यक्षिकाचा तास मात्र अगदी निराळा असतो, कारण तेथे सर्वजण एकाच क्षणी कंपाइल करतात. दिवसभराची सरासरी पाहणाऱ्यास हा क्षण कधीच दिसत नाही.

पाळीची वाट पाहण्यात गेलेला हा वेळ ‘स्टील टाइम’ या नावाने मोजला जातो. केव्हीएमवरील लिनक्स यंत्रात टॉप या आज्ञेच्या ‘एसटी’ रकान्यात तो दिसतो. विंडोज यंत्रात मात्र असा रकाना नसतो. व्हीएमवेअरमध्ये हाच वेळ यजमान सर्व्हरवर ‘रेडी’ या नावाने पाहावा लागतो. तेथील आलेख 20 सेकंदांच्या अंतराने मिलिसेकंदांत आकडा देतो. 2000 हा आकडा एका आभासी प्रोसेसरसाठी आला, तर दहा टक्के वेळ प्रतीक्षेत गेला असे समजावे.

प्रोसेसरचा दोष नेटवर्कचा कसा भासतो?

बाहेरून आलेले पॅकेट सर्व्हरच्या नेटवर्क कार्डातून ब्रिजवर, तेथून ‘टॅप’ या आभासी जोडणीवर व मग आभासी यंत्रात जाते. शेवटच्या टप्प्यावर ते उचलून घेण्याचे काम आभासी यंत्राचेच असते. त्याच्या प्रोसेसरला पाळीच मिळाली नाही, तर टॅपची रांग भरते. ही रांग साधारणतः 1000 पॅकेटांची असते. ती भरल्यावर पुढील पॅकेटे टाकून दिली जातात. टीसीपी याचा अर्थ ‘मार्गात गर्दी आहे’ असा लावते आणि स्वतःचा वेग कमी करते. केबल निर्दोष, स्विच निर्दोष, तरीही विद्यार्थ्याच्या पडद्यावरील पान अडकलेलेच!

निदानाची चाचणी सोपी आहे. प्रयोगशाळेतील एकाच संगणकावरून यजमान सर्व्हरला आणि त्यावरील आभासी यंत्राला एकाच वेळी पिंग करावे. यजमानाचे उत्तर स्थिर, पण यंत्राचे उत्तर मध्येच कित्येक पटींनी लांबत असेल, तर संशय प्रोसेसरवर घ्यावा. त्यानंतर यजमानावर टॅपची गाळलेल्या पॅकेटांची संख्या पाहावी. येथे दिशा उलटी असते, हे ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे : यजमान ज्याला ‘पाठवलेले’ म्हणतो, ते यंत्राच्या दृष्टीने ‘आलेले’ असते. स्टील टाइम आणि ही संख्या एकाच वेळी वाढत असतील, तर निदान जवळजवळ निश्चित होते.

उपाय प्रथमदर्शनी विपरीत वाटेल. संथ यंत्राला आणखी प्रोसेसर देण्याचा मोह टाळून उलट सर्वांचे 4 वरून 2 करावेत. एका आभासी प्रोसेसरने एखादे कुलूप धरले असताना त्याची पाळी संपली, तर त्याच यंत्राचे उरलेले प्रोसेसर त्या कुलपासाठी व्यर्थ फिरत राहतात व इतरांच्या पाळ्या खातात. शिवाय पॅकेटे वाहून नेणारे यजमानाचे धागेही याच कोअरवर चालतात. त्यांच्यासाठी एक-दोन कोअर राखून ठेवणे हिताचे ठरते.

खरोखर नेटवर्कचा असलेला एक दोष

एक लक्षण मात्र निःसंशय नेटवर्कचे असते. पिंग लागते, लॉगिन होते, पण मोठे पान किंवा फाइल उघडताना सर्व थांबते. व्हीएक्सलॅन वापरताना प्रत्येक पॅकेटला 50 बाइटांचे वेष्टन चढते. खालील जाळ्याची मर्यादा 1500 असेल, तर आभासी यंत्रास 1450 च मिळायला हवी. ‘पॅकेट मोठे आहे’ हा परतीचा निरोप फायरवॉलने अडवला की पाठवणाऱ्यास काहीच कळत नाही. तुकडे न करण्याची अट घालून 1472 बाइटांचे पिंग पाठवावे. शीर्षकाचे 28 बाइट मिळून ते 1500 होते. ते अडले आणि 1422 चे गेले, तर यंत्राची मर्यादा 1450 करावी, अथवा खालील जाळ्याची किमान 1550 पर्यंत वाढवावी. यासाठी खर्च शून्य आहे.

खरेदीचा प्रस्ताव करण्यापूर्वी प्रात्यक्षिकाच्या तासांतील आठवड्याभराची स्टील टाइमची व टॅपवरील नोंद त्यास जोडावी. दोन्ही आकडे नगण्य असताना यजमानाचेच पिंग तुटत असेल, तर स्विच, केबल व कार्ड यांची तपासणी तेथून सुरू करता येते.