नशीब, योगायोग आणि चवदार तळे

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. त्यानंतर काही दिवसांनी आम्ही श्रीवर्धन तालुक्यातील एका बौद्धवाडीत गेलो होतो. सुपारीच्या बागा आडव्या झालेल्या, विजेचे खांब वाकलेले. एका मावशींच्या घरावरचे सगळे पत्रे उडून गेले होते. शंभर पावलांवरचे स्लॅबचे घर मात्र जसेच्या तसे उभे. उघड्या पडलेल्या भिंतीवर तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर होती. तिच्याखाली बसून मावशी म्हणाल्या, "वकीलदादा, नशिबात होतं ते झालं. मागल्या जन्मीचं काय असंल ते फेडतोय." त्यांचा कॉलेजात शिकणारा भाचा हसला. "नशीब कसलं? वादळ थोडं वर सरकलं असतं तर दुसऱ्या कुणाचं घर गेलं असतं. सगळा योगायोग!"

भाच्याला वाटत होते, आपण मावशीच्या अगदी विरुद्ध टोकाला उभे आहोत. तथागतांनी मात्र ही दोन्ही मते एकाच पंगतीत बसवली आहेत. अंगुत्तर निकायाच्या तिकनिपातात त्यांनी तीन मतांची झडती घेतली आहे. सारे काही पूर्वकर्माने घडते हे पहिले, ईश्वराच्या इच्छेने घडते हे दुसरे आणि कशालाच काही कारण नसते हे तिसरे. त्यांचा आक्षेप वकिलाला शोभेल असा आहे. यातले कोणतेही मत मानले तर खुनी म्हणेल, माझा काय दोष? मग काय करावे आणि काय करू नये, हा प्रश्नच उरत नाही. त्याच काळातला मक्खली गोसाल म्हणत होता की सुताचा गुंडा फेकला की तो उलगडत जातो, तसे माणसाचे आयुष्य. प्रयत्नाला तिथे जागा नाही. आज टीव्हीवर रोज सकाळी राशिभविष्य सांगणाऱ्यांना आपल्या या पूर्वजाचे नावही ठाऊक नसेल.

आता मावशींचे घर पत्र्याचे का? कारण घराखालची जागा त्यांच्या नावावर नाही. जागेचा उतारा नाही म्हणून घरकुल नाही, घरकुल नाही म्हणून पत्रे. वादळ कुठे वळेल हे कोणाच्याच हाती नव्हते. पण वादळ आले तर वाडीत कोणाचे छप्पर उडेल, हे फार आधी ठरून गेले होते आणि ते ठरवणारी माणसेच होती.

याच जिल्ह्यातल्या महाडच्या खटल्यात हाच मुद्दा कोर्टापुढे आला होता. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्याच वर्षी डिसेंबरात सवर्णांनी दिवाणी दावा लावला. त्यांचे म्हणणे, तळे वापरण्याचा हक्क अनादि काळापासून फक्त आमचा आहे. 'अनादि काळापासून' हे शब्द वाचकांनी नीट पाहावेत. नशिबाला कायद्याचा कोट चढवला की तो असा दिसतो. नऊ वर्षांहून अधिक काळ खटला चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने निकाल दिला की अशी अनादि प्रथा सिद्ध झालेली नाही. तळ्याभोवती सवर्णांची घरे उभी राहण्यापूर्वी पाणी एकट्याच्या ताब्यात ठेवण्याचा कोणी प्रयत्न केला असेल, याचीच न्यायमूर्तींना शंका वाटली. म्हणजे प्रथेलाही जन्मतारीख निघाली.

यावर एक अवघड प्रश्न येतो आणि तो आम्ही टाळणार नाही. सगळ्याला कारणे असतील, तर २० मार्चलाही होती. १९२३ चा बोले ठराव होता, १९२४ चा महाड नगरपालिकेचा ठराव होता, दासगावच्या रामचंद्र बाबाजी मोरे यांची धडपड होती. मग ओंजळ भरण्याचा निर्णय स्वतंत्र कसा? काही शास्त्रज्ञ तर इच्छास्वातंत्र्य हा भास आहे असे म्हणतात. बेंजामिन लिबेट यांनी १९८३ साली दाखवले की मनगट हलवण्याची इच्छा माणसाला जाणवण्याआधीच, सेकंदाचा साधारण तिसरा हिस्सा आधी, मेंदूत हालचाल सुरू झालेली असते. असेल. पण मनगट हलवणे वेगळे आणि हजारो माणसांनी तळ्याकडे चालत जाणे वेगळे. दुसरे काही अणूतल्या यदृच्छेत स्वातंत्र्य शोधतात. फासा टाकून ठरवलेली गोष्ट आमची कशी होईल, हे आम्हाला अजून कोणी समजावलेले नाही.

आमचे म्हणणे इतकेच : ठराव तीन वर्षे कागदावर होता आणि पाणी तसेच पडून होते. परिषद संपता संपता अनंतराव चित्रे यांनी तळ्यावर जाण्याची सूचना केली, तेव्हा त्या कारणांच्या साखळीत आणखी एक कडी पडली. माणसाचा विचारही कारणच असतो. अलिबागजवळच्या चरीच्या कुळांनी १९३३ ते १९३९ खोतांच्या शेतात नांगर घातला नाही, उपाशी राहिले. पोट तर नांगर धर म्हणत होते.

मात्र कोर्टात आम्हीच उलट बोलतो, हे कबूल केले पाहिजे. चोरीच्या आरोपात पकडलेल्या पोरासाठी आम्ही उभे राहतो आणि म्हणतो, साहेब, परिस्थितीने केले. संध्याकाळी विहारात त्याच पोराला सांगतो, परिस्थिती बदलणे तुझ्या हातात आहे. एकाने एकदा तोंडावर विचारले, "साहेब, यातलं खरं कुठलं?" दोन्ही खरे, असे आम्ही म्हणालो. त्याचे समाधान झाले नाही.

मावशींकडे त्या दिवशी आम्ही घरपट्टीच्या जुन्या पावत्या मागितल्या. पेटीतून निघाल्या, भिजून एकमेकींना चिकटलेल्या. भाच्याने त्या अलगद सोडवून दोरीवर वाळत घातल्या आणि एकेकीवरचे साल मोठ्याने वाचू लागला. सर्वांत जुनी पावती मावशींच्या सासऱ्यांच्या नावाची होती. "एवढ्यावर जागा नावावर होईल?" त्यांनी विचारले. सांगता येत नाही, आम्ही म्हणालो, पण अर्ज करू. भाचा कोरा कागद आणायला गेला.