अपलोडचं बटण दाबल्यावर नेमकं काय होतं?

हल्ली विज्ञानाच्या कुठल्याही विभागात चक्कर मारली तर एखादा तरी मायक्रोकंट्रोलर कशाला ना कशाला चिकटवलेला दिसतो. कुठे इनक्युबेटरचं तापमान नोंदवायला, कुठे मातीचा ओलावा दर पंधरा मिनिटांनी मोजून मेमरी कार्डावर लिहायला. हे करणारी मंडळी इलेक्ट्रॉनिक्सवालीच असतात असंही नाही. वनस्पतिशास्त्र, भूगोल, रसायनशास्त्र, सगळीकडे कोणीतरी इंटरनेटवरून प्रोग्रॅम उचलतं, थोडा बदलतं, अपलोडचं बटण दाबतं आणि आकडे यायला लागतात. हे छानच आहे.

पण मग तेच आकडे प्रबंधात जातात. प्रयोगशाळेतला विकतचा पीएच मीटर वापरला तर आपण कंपनी, मॉडेल, कॅलिब्रेशन कधी केलं, सगळं लिहितो. घरी बनवलेल्या लॉगरबद्दल मात्र एकच वाक्य असतं: ‘नोंदी अर्डुइनोच्या साहाय्याने घेतल्या.’ माझं म्हणणं असं की तो लॉगर हे उपकरणच आहे, आणि ज्या सॉफ्टवेअरने त्यातला प्रोग्रॅम तयार झाला ते सॉफ्टवेअरही उपकरणाचाच भाग आहे. ते बदललं तर मोजमाप बदलू शकतं. कसं, ते जरा उलगडून बघू. उदाहरणाला अर्डुइनो ऊनो घेते, कारण तो जवळपास सगळ्यांनी हाताळलेला असतो.

ऊनोवरची चिप आहे एटीमेगा ३२८पी. प्रोग्रॅमसाठी ३२ किलोबाइट फ्लॅश, चालू कामासाठी २ किलोबाइट रॅम, वेग १६ मेगाहर्ट्झ. या चिपला सी भाषा कळत नाही, तिला फक्त स्वतःच्या सूचनांचे आकडे कळतात. तुम्ही बटण दाबलं की आधी तुमच्या फाइलला काही ओळी गुपचूप जोडल्या जातात. ‘सेटअप’ एकदा आणि ‘लूप’ पुन्हा पुन्हा चालवणारं ‘मेन’ फंक्शन तुम्ही लिहिलेलं नसतं, ते तिथे आधीपासून असतं. मग एव्हीआर-जीसीसी हा कंपायलर त्याचं भाषांतर करतो. तो चालतो तुमच्या लॅपटॉपवर, पण सूचना तयार करतो दुसऱ्याच प्रोसेसरसाठी, म्हणून त्याला क्रॉस कंपायलर म्हणतात. मग लिंकर तुमचा कोड आणि सगळ्या लायब्ररी एकत्र शिवतो आणि कोणती गोष्ट मेमरीत कुठल्या पत्त्यावर बसेल ते ठरवतो. शेवटी एव्हीआरड्यूड नावाचा प्रोग्रॅम यूएसबीवरून हे सगळं चिपकडे पाठवतो, आणि चिपमध्ये आधीच बसलेला बूटलोडर ते फ्लॅशमध्ये उतरवून घेतो.

यातली एक गोष्ट शेतात लॉगर ठेवणाऱ्यांनी लक्षात ठेवावी. बूटलोडरला जागं करण्यासाठी ऊनो सिरीयल पोर्ट उघडला की रीसेट होतो. म्हणजे नीट चाललंय ना हे बघायला तुम्ही लॅपटॉप जोडून सिरीयल मॉनिटर उघडलात, तर लॉगर पहिल्यापासून सुरू होतो. रॅममध्ये जमवलेला पाऊस-मापकाच्या ठोक्यांचा हिशोब तिथेच शून्य!

या साखळीतल्या बऱ्याच कड्या विद्यार्थ्यांनी घडवलेल्या आहेत. एव्हीआर प्रोसेसरची मूळ कल्पना नॉर्वेतल्या आल्फ-एगिल बोगेन आणि वेगार्ड वोलान या दोन विद्यार्थ्यांची. अर्डुइनो २००५ मध्ये इटलीतल्या इव्रेया गावात सुरू झालं, पण त्याचा पाया म्हणजे तिथेच एर्नान्दो बाराग्गान याने पदव्युत्तर प्रबंधासाठी केलेला ‘वायरिंग’ हा प्रकल्प. प्रबंध कपाटात धूळ खात पडतो असं म्हणणाऱ्यांना हे ऐकवायला मला फार आवडतं.

आता मोजमाप कुठे बिघडतं ते बघू. एक मिनिट थांबण्यासाठी लोक सहज लिहितात: डिले(६० * १०००). ६०,००० मिलिसेकंद, म्हणजे एक मिनिट. पण एव्हीआरवर ‘इंट’ हा प्रकार १६ बिटांचा असतो, त्यात जास्तीत जास्त ३२,७६७ मावतात. गुणाकार त्यातून उतू जातो आणि उत्तर येतं उणे ५,५३६. डिलेला उणे संख्या चालत नाही, म्हणून ती ३२ बिटांची धन संख्या समजली जाते: ४,२९,४९,६१,७६० मिलिसेकंद. साधारण ४९.७ दिवस! लॉगर एक नोंद घेतो आणि पावणेदोन महिने झोपी जातो. हाच प्रोग्रॅम ईएसपी३२ वर टाकला तर बरोबर एक मिनिट थांबतो, कारण तिथे ‘इंट’ ३२ बिटांचा आहे.

गंमत म्हणजे कंपायलरला हे दिसलेलं असतं. तो इशारा द्यायला तयार असतो, पण अर्डुइनोच्या सेटिंगमध्ये कंपायलरचे इशारे मुळात बंद असतात. नवशिक्यांना लाल-पिवळ्या ओळींची भीती वाटू नये म्हणून असेल कदाचित. ते सेटिंग आधी ‘ऑल’ करा. इशाऱ्यांची लांबलचक यादी आली तर त्यातले निम्मे दुसऱ्यांच्या लायब्ररींचे असतील. आपले वेगळे काढून एकेक मिटवायचे.

ही चूक निदान पकडली तरी जाते. न दिसणारी चूक जास्त वाईट. सेन्सरचा गोंधळ कमी करायला आपण शंभर वेळा वाचन घेऊन सरासरी काढतो. ऊनोचं एक वाचन ० ते १,०२३ मध्ये येतं. बेरीज ठेवायला ‘अनसाइन्ड इंट’ घेतला, तर मर्यादा आहे ६५,५३५. सरासरी ६५५ पर्यंत असेल तोवर सगळं ठीक. ६५६ ला बेरीज होते ६५,६००, ती उलटून ६४ वर येते आणि सरासरी लिहिली जाते शून्य. खरं वाचन १,००० असेल तर बेरीज एक लाख, उलटून उरतात ३४,४६४ आणि नोंद होते ३४४. आता ३४४ हा आकडा बघून कोणाला शंका येईल? ओलावा वाढला की वाचन वाढतं अशी तुमची जोडणी असेल, तर उन्हाळाभर लॉगर चोख चालेल आणि पावसाळ्यात माती कोरडी पडत चालल्याचा आलेख काढून देईल. कोणीतरी त्यावर निष्कर्षही काढेल!

इथे कंपायलरही गप्प असतो, कारण वाचन किती येणार हे त्याला आधी माहीत नसतं. लॅपटॉपवर तोच कोड चालवून तपासलात तरी चूक सापडणार नाही, तिथे ‘इंट’ ३२ बिटांचा असतो ना. म्हणून दोन सवयी लावून घ्या. एक, ‘इंट’ असं मोघम न लिहिता किती बिट हवेत ते सांगणारे प्रकार वापरायचे, जसं यूइंट३२_टी. दुसरी, सिमएव्हीआरसारख्या सिम्युलेटरवर चिपसाठी बनलेला खरा प्रोग्रॅम चालवायचा आणि त्याला टोकाची वाचनं द्यायची: ०, १,०२३ आणि अधलीमधली काही. प्रयोगशाळेत आपण उपकरणाला प्रमाण द्रावण देतो, तसंच हे.

रॅमचं दुखणं वेगळं. रिकामा स्केच कंपाइल केला की अर्डुइनो सांगतो, जास्तीत जास्त ३२,२५६ बाइट प्रोग्रॅमसाठी आणि २,०४८ बाइट रॅमसाठी. ३२ किलोबाइटमधले ५१२ बाइट बूटलोडरने घेतलेले असतात. रॅमचा आकडा लोक बघतात, ‘साठ टक्के, अजून जागा आहे’ म्हणून पुढे जातात. पण त्या हिशोबात फक्त कायमस्वरूपी चल धरलेले असतात. फंक्शन चालताना लागणारा स्टॅक त्यात नाही आणि चालू असताना मागितलेली मेमरीही नाही. नेहमीची जोडी घ्या: मेमरी कार्ड आणि छोटा ओएलईडी पडदा. कार्डाच्या लायब्ररीला ५१२ बाइटचा एक बफर लागतो. १२८ गुणिले ६४ ठिपक्यांच्या पडद्याला प्रत्येक ठिपक्यामागे एक बिट, म्हणजे १,०२४ बाइट, आणि एका लोकप्रिय लायब्ररीत ही जागा प्रोग्रॅम सुरू झाल्यावर मागितली जाते, त्यामुळे कंपाइल करताना ती दिसतच नाही. झाले १,५३६. सिरीयलचे येण्या-जाण्याचे दोन बफर ६४-६४ बाइटचे. उरले जेमतेम ३८४, त्यात तुमचं सगळं आलं. वर, प्रिंट करायची अवतरणातली वाक्यं एव्हीआरवर रॅममध्येही जागा खातात. त्यांना एफ मॅक्रोत गुंडाळलं तरच ती फ्लॅशमध्ये राहतात.

स्टॅक वरून खाली वाढतो, बाकीचा डेटा खालून वर. दोन्ही भिडले की ऊनोवर कुठलाही त्रुटी-संदेश येत नाही. एखादा चल दुसऱ्याच कशाने तरी भरला जातो आणि प्रोग्रॅम चालत राहतो. तारीख विचित्र येते, फाइलचं नाव बिघडतं, कधी बोर्ड आपोआप रीसेट होतो आणि दोष ‘लूज कनेक्शन’ला दिला जातो. यावर उपाय म्हणून लिंकरकडून मॅप फाइल मागता येते. कोणत्या लायब्ररीने किती जागा घेतली ते तीत लिहिलेलं असतं. वाचायला रटाळ आहे, पण एकदा वाचावीच.

डीबगिंगसाठी बहुतेक जण जागोजागी सिरीयल प्रिंट टाकतात. साध्या कामाला ते पुरतं, पण प्रिंट फुकट नसतं. ९,६०० बॉडला एक अक्षर जायला सुमारे एक मिलिसेकंद लागतो. बफर भरला की पुढचं प्रिंट जागा होईपर्यंत प्रोग्रॅमला अडवून धरतं. वाऱ्याच्या वेगाचे किंवा पावसाचे ठोके तुम्ही लूपमध्ये बघत असाल, तर प्रिंट टाकल्याने ठोके निसटू शकतात. म्हणजे तपासणी केली म्हणूनच मोजमाप बदललं.

खरा डीबगर यापेक्षा पुष्कळ बरा. एआरएम कॉर्टेक्स-एम जातीच्या चिपांना एसडब्ल्यूडी नावाची सोय असते. दोन तारा आणि एक ग्राउंड, बस्स. लॅपटॉपवर ओपनओसीडी आणि जीडीबी हे दोन फुकट प्रोग्रॅम लागतात. चिप हव्या त्या ओळीवर थांबवता येते, प्रत्येक चलाची किंमत बघता येते. (ओपनओसीडीसुद्धा जर्मनीतल्या आउग्सबुर्गच्या डोमिनिक राथ याचा २००५ मधला पदविका-प्रबंध!) डीबगर महाग असेल या भीतीने कोणी थांबू नये. रास्पबेरी पाय पिको हा स्वस्त बोर्ड घेतलात तर दुसरा पिकोच त्याचा डीबगर म्हणून वापरता येतो. वर त्यात २६४ किलोबाइट रॅम आहे. त्यामुळे नव्याने लॉगर बनवणाऱ्याला मी आता ऊनो सुचवत नाही. ऊनो शिकायला उत्तम, पण आत काय चाललंय ते बघायची सोय त्यावर सहज मिळत नाही. आपल्या सी-डॅकच्या वेगा प्रोसेसरवरचे एरीज बोर्डही अर्डुइनोच्याच खिडकीतून प्रोग्रॅम करता येतात. आतली सूचनांची भाषा रिस्क-फाइव्ह, म्हणजे पूर्ण वेगळी, पण कंपायलर, लिंकर, मॅप फाइल ही साखळी तीच. एकदा कळली की बोर्ड बदलल्याने फार अडत नाही.

राहता राहिला आवृत्त्यांचा प्रश्न, आणि संशोधकासाठी मला तोच सगळ्यात मोठा वाटतो. अर्डुइनोची खिडकी उघडली की ‘लायब्ररी अपडेट करा’ असं पुढे येतं आणि आपण हो म्हणतो. सेन्सरच्या लायब्ररीने नव्या आवृत्तीत वाचनाआधी थांबायचा वेळ किंवा रूपांतराचं सूत्र बदललं, तर मार्चमधला लॉगर आणि जुलैत पुन्हा प्रोग्रॅम केलेला लॉगर ही दोन वेगळी उपकरणं झाली. तार तीच, सेन्सर तोच, तरीही.

यावर पक्का बंदोबस्त करता येतो. प्लॅटफॉर्मआयओमध्ये प्रकल्पाच्या एका छोट्या फाइलीत बोर्डाचा संच आणि प्रत्येक लायब्ररी नेमक्या आवृत्तीसह लिहून ठेवता येते. अर्डुइनोच्या कमांड-लाइन साधनातही स्केचसोबत अशी फाइल ठेवायची सोय आहे. ती फाइल आणि कोड गिटमध्ये ठेवायचे. मग कंपाइल करताना गिटचा क्रमांक प्रोग्रॅममध्येच घालायचा आणि लॉगरला सांगायचं की प्रत्येक डेटा फाइलची पहिली ओळ म्हणजे हा क्रमांक. दहा-बारा ओळींचं काम आहे. दोन वर्षांनी परीक्षकाने एखाद्या नोंदीवर बोट ठेवलं, तर ती कोणत्या कोडने घेतली ते फाइलच सांगते.

सोबत त्या वेळची ईएलएफ फाइलही जपून ठेवा. चिपमध्ये उतरते त्या हेक्स फाइलीत नुसते आकडे असतात, तर ईएलएफमध्ये चलांची नावं आणि पत्तेही असतात, त्यामुळे जुना बिघाड नंतरही शोधता येतो. आणि कार्यपद्धतीच्या प्रकरणात त्या एका वाक्याऐवजी चार ओळी लिहा: बोर्ड आणि चिप कोणती, कंपायलरची आवृत्ती, सेन्सरच्या लायब्ररीचं नाव आणि आवृत्ती, गिटचा क्रमांक, आणि टोकाच्या वाचनांवर प्रोग्रॅम तपासला होता की नाही.