बोंडअळी आणि डार्विनचा सिद्धान्त

इ. स. 2018 च्या जानेवारींत औरंगाबाद (आतां छत्रपती संभाजीनगर) येथें तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनीं डार्विनचा उत्क्रांतिवाद चुकीचा ठरविला. वानराचा माणूस होतांना कोणीं पाहिला नाहीं, असें त्यांचें म्हणणें होतें. देशांतील तीन विज्ञान-अकादमींनीं संयुक्त पत्रक काढून त्याचा प्रतिवाद केला. तो वाद विद्वानांनीं चालवावा. आम्हांस नवल वाटलें तें निराळेंच. त्याच हंगामांत फुलसावंगीसकट यवतमाळ जिल्ह्यांतील कापूसकरी नैसर्गिक निवड डोळ्यांनीं पाहत होते, आणि तिची किंमतही मोजीत होते.

बीटी कापसास 2002 सालीं सरकारी मान्यता मिळाली. मातींतील एका जीवाणूचा गुण त्यांत घातल्यामुळें झाड स्वतःच अळीस मारक प्रथिन तयार करतें. 2006 सालीं अशीं दोन प्रथिनें असलेलें वाण आलें. परंतु असंख्य अळ्यांत एखादी अशी निपजतेच कीं जिला तें विष बाधत नाहीं. हा गुण तिनें कमावलेला नसतो, उपजत असतो. बाकीच्या मेल्या म्हणजे बोंड तिचें, जोडीदारही तिच्यासारखाच, आणि संतति दोघांच्या वळणावर. शिवाय सुमारें महिन्याला एक पिढी! पहिल्या प्रथिनास न जुमानणारी शेंदरी बोंडअळी 2009 च्या हंगामांत गुजरातेंत आढळली. 2017 सालीं विदर्भांत दोन्ही प्रथिनें तिच्यापुढें निष्प्रभ झालीं. फुलांच्या डोमकळ्या झाल्या. वरून धड दिसणारें बोंड फोडावें तों आंत सरकी पोखरलेली. त्याच वर्षीं जिल्ह्यांत फवारणीच्या विषबाधेनें शेतकरी व मजूर दगावले, तें दुःख तर विसरतां येत नाहीं.

बियाण्याच्या पाकिटाबरोबर साध्या कापसाची 120 ग्रॅमची पुडी मिळत असे. त्याचे तास भोंवतीं लावावे, त्यांवर वाढलेले साधे पतंग विष पचविणाऱ्या पतंगांशीं जुळावे, आणि त्यांची मिश्र संतति बीटीवर मरावी, असा तो हिशेब होता. आमच्यापैकीं कितीकांनीं ती पुडी धुऱ्यावर फेकली, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. त्यांत फरदडीचा लोभ! अमेरिकन बोंडअळीस तूर, हरभरा असें बिनविषाचें रान चरावयास असतें. शेंदरी बहुतेक कापसावरच जगते, म्हणून तिची निवड अधिक कडक झाली. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मात्र बीटीच्या जोडीला वांझ केलेले पतंग सोडून व पऱ्हाटी वेळेवर नष्ट करून 2018 सालीं या किडीचें निर्मूलन जाहीर झालें.

डार्विननें 1859 च्या आपल्या ग्रंथाचा आरंभ पाळीव जनावरें व लागवडीचीं पिकें यांपासून केला, कारण तेथें निवडणारा हात दिसतो. चांगल्या बोंडाची सरकी बियाण्यास राखणारे आमचे वडीलधारे तेंच करीत. रसायनांतून पहिला जीव कसा उपजला, हा प्रश्न वेगळा व अद्याप न सुटलेला. अळीचें त्यावांचून कांहीं अडलें नाहीं.

कोरडवाहू शेतांतील वेचणी संपतांच पऱ्हाटी उपटून शेत नांगरावें. ओलिताच्या कापसासही डिसेंबरपुढें पाणी देऊं नये, आणि उपटलेली पऱ्हाटी पावसाळ्यापर्यंत धुऱ्यावर रचून ठेवूं नये. अळी तिच्यांतल्या किडक्या बोंडांत झोपी जाऊन पुढच्या पेरणीची वाट पाहते.