बँकेंत पैसा असून कर्ज कां मिळत नाहीं?

मंदीच्या दिवसांत बँकेनें एखाद्या दुकानदारास कर्ज नाकारलें, म्हणजे तिच्या तिजोरींतील पैसा संपला असावा असें आपणांस वाटतें. पुष्कळदां गोष्ट अगदीं उलट असते.

बँक जो पैसा कर्जाऊ देते, तो बहुतांशीं ठेवीदारांचा असतो. कांहीं ठेवी तर मागतांक्षणींच परत द्याव्या लागतात. दिलेलें कर्ज मात्र हप्त्याहप्त्यानें, वर्षानुवर्षें परत यावयाचें. सबब बँकेचा अधिकारी ऋणकोच्या मागील हिशेबाबरोबर त्याच्या पुढील विक्रीचाहि अंदाज घेतो. अनिश्चित काळीं नेमका हाच अंदाज करतां येत नाहीं. कोण बुडणार हें ठाऊक असतें, तर तेवढ्यास वगळून इतरांस कर्ज देतां आलें असतें. तें ठाऊक नसल्यामुळें चांगला ऋणकोहि ताटकळत राहतो.

मग व्याज वाढवून ही जोखीम कां भरून काढूं नये, असें एखादा चलाख विद्यार्थी विचारील. प्रश्न रास्त आहे. परंतु जबर व्याज निमूटपणें कबूल करणारा बहुधा तोच असतो, ज्यास फेडीची फारशी फिकीर नसते!

मार्च २०२० मध्यें करोनाच्या सांथीमुळें देशांत टाळेबंदी झाली, तेव्हां हें स्पष्ट दिसलें. बँकांस पैसा स्वस्त मिळावा म्हणून रिझर्व्ह बँकेनें आपला रेपो दर ५.१५ टक्क्यांवरून मे अखेर ४ टक्क्यांवर आणला. तरीहि बँकांनीं पुष्कळसा पैसा रिझर्व्ह बँकेकडेच ठेवला. तेथें व्याज अल्प, पण मुद्दल निर्धास्त. तें व्याजहि ३.३५ टक्क्यांपर्यंत उतरविलें, तरी ओघ थांबला नाहीं.

त्याच मे महिन्यांत सरकारनें लहान उद्योगांच्या ३ लक्ष कोटि रुपयांपर्यंतच्या नव्या कर्जांस पूर्ण हमी देऊं केली, आणि त्याच बँका त्याच गिऱ्हाइकांस कर्ज देऊं लागल्या. बुडण्याचें भय तेवढें दुसऱ्यानें पत्करलें होतें.

मात्र ही हमी आरंभीं ज्यांचें २९ फेब्रुवारी २०२० रोजीं कर्ज येणें होतें त्यांनाच, व तीहि त्या रकमेच्या एकपंचमांशापुरतीच होती. ज्यानें कधीं कर्ज काढलेंच नव्हतें, अशा काटकसरी सुतारास किंवा शिंप्यास तिचा कांहींच उपयोग नव्हता.