जमीन माओरींची, हिशेब सरकारचा

(ऑडिओ भागाचं शब्दांकन. वाचायला सोपं जावं म्हणून थोडं आवरून घेतलंय.)

न्यूझीलंड म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? क्रिकेट, हिरव्या टेकड्या आणि त्यांवर चरणाऱ्या मेंढ्या. बरोबर? आज त्या हिरव्या टेकड्यांबद्दलच बोलू. त्यातल्या काही जमिनी माओरींच्या, म्हणजे तिथल्या मूळ लोकांच्या. पण स्वतःच्याच जमिनीवर गवत पेरायला आणि कुंपण घालायला त्यांना कर्ज मिळणं महाकठीण होतं. १९२९ साली सरकार पैसे घेऊन आलं. त्या पैशांबरोबर आणखी काय आलं, ते आज समजून घेऊ.

कर्ज का मिळत नव्हतं?

१८४० मध्ये ब्रिटिश राजसत्ता आणि माओरी प्रमुख यांच्यात वैतांगीचा करार झाला. माओरींच्या जमिनी त्यांच्याच राहतील, असं वचन त्यात होतं. पण १८६०च्या दशकात युद्धं झाली आणि सरकारने जमिनी जप्त केल्या. एकट्या वायकाटो भागात सुमारे १२ लाख एकर गेली.

जी उरली, तिचं काय झालं? माओरी पद्धतीत जमीन कुळाची असायची. १८६५ साली त्यासाठी एक खास न्यायालय आलं आणि त्याने कुळाच्या मालकीऐवजी नावानिशी हिस्से द्यायला सुरुवात केली. हिस्सा माणसाच्या नावावर आला की एकेकाला गाठून तो विकत घेणं सोपं, हे उघड आहे.

जे विकले गेले नाहीत, त्या हिश्श्यांना वेगळाच त्रास. आईचा हिस्सा सगळ्या मुलांना, वडिलांचाही सगळ्या मुलांना, मग नातवंडांना. जमीन तेवढीच, मालक मात्र दर पिढीला वाढणार. आपल्याकडे सातबाऱ्यावर भाऊ, चुलते, आत्या अशी पंधरा नावं असली की एक सही गोळा करताना काय होतं, ते घरच्यांना विचारा. तिथे एकेका तुकड्यावर शेकडो नावं होती. कोणती बँक कर्ज देईल? तारण कोणाचं धरणार?

आता दुसरी बाजू बघा. १८८२ मध्ये न्यूझीलंडहून गोठवलेलं मांस भरलेलं पहिलं जहाज लंडनकडे निघालं. मेंढीला लोकरीबरोबर मांसाचाही भाव आला, लोणी आणि चीज परदेशी जाऊ लागलं. १८९४ पासून सरकार गोऱ्या वसाहतकारांना शेतीसाठी स्वस्त कर्ज देत होतं. माओरींची कागदपत्रं त्या चौकटीत बसतच नव्हती. शेजारच्या गोऱ्या शेतकऱ्याच्या रानात क्लोव्हर आणि गाई, यांच्या रानात झुडपं. वर लोक म्हणणार, ‘माओरी जमीन पडीक ठेवतात!’

‘ङ’ने सुरू होणारा माणूस

क, ख, ग, घ, ङ. यातला शेवटचा आपण पहिलीत घोकतो आणि विसरतो. माओरी भाषेत मात्र त्याने शब्द सुरू होतात. आजच्या गोष्टीतला मुख्य माणूस आहे अपिराना ङाटा. जन्म १८७४, ङाटी पोरोउ जमात, न्यूझीलंडच्या विद्यापीठाची पदवी पूर्ण करणारे पहिले माओरी. पुढे वकील, मग १९०५ ते १९४३ खासदार. आज तिथल्या ५० डॉलरच्या नोटेवर त्यांचा चेहरा आहे.

ङाटांनी आधी स्वतःच्या जमातीत प्रयोग केले. अनेक हिस्सेदारांची मिळून एक संस्था करायची, कारभार समितीने बघायचा आणि मेंढ्या पाळायच्या. काही ठिकाणी विखुरलेल्या हिश्श्यांची अदलाबदल करून एका कुटुंबाची जमीन एका जागी आणायची. १९२०च्या दशकात रुआतोरियाला त्यांच्या लोकांची सहकारी डेअरी उभी राहिली आणि तिचं लोणी ‘नाटी’ नावाने विकलं जाऊ लागलं.

पण मालकीचा गुंता सोडवायला वर्षानुवर्षं लागत होती. १९२८च्या शेवटी ङाटा माओरी खात्याचे मंत्री झाले आणि त्यांनी गुंत्याला वळसाच घातला.

१९२९चा कायदा: आधी गवत, मग कागद

मालकी पूर्ण ठरेपर्यंत थांबायचं नाही. मंत्र्याने जमीन ‘विकास योजनेत’ आहे असं जाहीर करायचं की सरकारी पैशातून काम सुरू. झुडपं साफ करणं, कुंपण, गवताचं बी, सुपरफॉस्फेट, गाई, मेंढ्या, दूध काढायची शेड, राहायला घर. हा सगळा खर्च जमिनीवर कर्ज म्हणून चढायचा. मालकांपैकी कोणा एका कुटुंबाला शेत चालवायला मिळायचं आणि डेअरीकडून येणाऱ्या क्रीमच्या पैशातून हप्ता वळता व्हायचा.

आणि अट? योजना चालू असेपर्यंत कामात आड येईल असा मालकी हक्क वापरायचा नाही. ही अट लक्षात ठेवा. पुढचा सगळा वाद तिथूनच निघतो.

सुरुवातीला मात्र लोकांनी हे काम आपलं मानलं, कारण ङाटांनी ते जमातीच्या नेत्यांच्या हाती दिलं. वायकाटोत ते पुएआ हेरांगी ही मोठी नेती शेतांवर फिरून देखरेख करायची. तिच्याच लोकांची जमीन सरकारने जप्त केली होती, हे विसरू नका. रोटोरुआजवळ होरोहोरोला १९३० मध्ये काम सुरू झालं, तिथे स्थानिक कुळाबरोबर दुसऱ्या जमातीची कुटुंबंही येऊन राहिली. जागतिक मंदी चालू होती, बेकारांसाठीचा सरकारी निधीही या कामांत वळला.

एक मजेशीर शास्त्रीय गोष्टही सांगतो. रोटोरुआ-तौपो भागातली माती ज्वालामुखीची. तिथे गवत भरपूर, तरी गाई-मेंढ्या खंगून मरायच्या. १९३०च्या दशकात कारण सापडलं. मातीत कोबाल्ट कमी होतं! खतातून अगदी थोडं कोबाल्ट दिलं आणि टाकाऊ समजली जाणारी जमीन सोन्याची झाली.

मग बिनसलं कुठे?

हिशेबात. काम वेगात, नोंदी ढिल्या. १९३४ मध्ये चौकशी आयोगाने खात्याच्या कारभारावर कडक ताशेरे ओढले. ङाटांनी पैसे खाल्ले असं सिद्ध झालं नाही, पण जबाबदारी घेऊन त्यांनी मंत्रिपद सोडलं. पुढच्या मजूर पक्षाच्या सरकारने योजना वाढवल्या, पैसाही ओतला. पण आता जमातीच्या नेत्यांऐवजी खात्याचे अधिकारी ठरवू लागले, गाई किती, खत किती, शेत कोण चालवणार. कर्ज फिटेपर्यंत जमीन खात्याच्या ताब्यात. काही जमिनींवर हे दशकानुदशकं चाललं. शेती न करणारे बाकीचे मालक तर नुसते कागदावरच राहिले.

१९५३च्या कायद्याने आणखी एक धक्का दिला. २५ पौंडांपेक्षा कमी किमतीचे हिस्से सक्तीने विकत घेता येऊ लागले. अधिकाऱ्यांच्या लेखी तो किरकोळ तुकडा. माओरी माणसासाठी तो त्याच्या पूर्वजांशी असलेला धागा.

आता फिना कूपर या बाई बघा. १९३०च्या दशकात होकिआंगा भागात ङाटांच्या योजना त्यांनी जोमाने राबवल्या. त्याच बाईंनी १९७५ मध्ये, ७९ व्या वर्षी, माओरी जमीन वाचवण्यासाठी मोर्चा काढला. उत्तर टोकापासून वेलिंग्टनच्या संसदेपर्यंत, सुमारे १००० किलोमीटर. त्या बदलल्या होत्या का? मला नाही वाटत. दोन्ही वेळा मागणी एकच होती, जमीन आमच्या हातात राहू दे.

आज काय?

पुढे बऱ्याच जमिनी मालकांच्या ट्रस्ट आणि संस्थांकडे परत आल्या. १९९३च्या कायद्याने माओरी जमीन माओरींकडेच टिकावी हे उद्दिष्ट मान्य केलं. आज अशी सुमारे १४ लाख हेक्टर जमीन आहे, देशाच्या जेमतेम ५ टक्के. तौपोजवळ मोकाईला २०११ पासून मिराका ही माओरी ट्रस्टांनी उभारलेली दूध कंपनी चालते आणि दुधाची पावडर करायला जमिनीतली वाफ वापरते.

म्हणजे ङाटा चुकले होते का? त्यांच्या योजनांशिवाय कितीतरी जमीन झुडपांत पडून राहिली असती किंवा विकली गेली असती. गवत उगवलं, गाई आल्या, मुलांच्या पोटात अन्न गेलं. फक्त, मालकांचा अधिकार ‘तात्पुरता’ बाजूला ठेवला, तो परत द्यायची तारीख कोणी लिहिली नाही. म्हणून कुठलीही विकास योजना वाचताना रकमेच्या आधी हे शोधा: निर्णय कोण घेणार, आणि कधीपर्यंत?

तुमच्या गावात सामाईक जमिनीचं असं काही घडलंय का? कमेंटमध्ये नक्की लिहा. भेटू पुढच्या भागात!